पत्र्याची आगगाडी दुरुस्त करण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या पेटीतून चावीची पत्र्याची आगगाडी निघाली की पहिला हात किल्लीकडे जातो. तो मोह आवरावा, कारण वाळलेल्या वंगणाने जखडलेल्या यंत्रात जुनी कमान, म्हणजे स्प्रिंग, ताणली, तर ती तुटण्याची भीती असते.

आज बोलायचे आहे ते मुख्यत्वे फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलमधील मेकॅनो कंपनीने १९२० साली बाजारात आणलेल्या आगगाड्यांविषयी. एकमेकांपासून ३२ मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवरून धावणाऱ्या या गाड्यांपैकी सुरुवातीच्या नटबोल्टांनी जोडलेल्या असत. पुढे पत्र्याच्या जिभा खाचेत घालून वाकवण्याची पद्धत आली. त्यामुळे गाडी उलटी करून जोड पाहिले, तर तिच्या वयाचा पहिला अंदाज बांधता येतो. वाकवलेली जीभ मात्र उगाच उघडू नये, कारण दोनचार वेळा सरळ केली की ती मुळाशी तुटते आणि मग डाख देण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हा पत्रा म्हणजे पोलादाच्या पातळ चादरीवर कथलाचा थर. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना जी कल्हई करतात, ती याच धातूची. थोडासा गंज दिसताच पॉलिश पेपर घासणारे उत्साही लोक गंजाबरोबर ती कल्हई आणि मूळ रंगही घालवून बसतात, आणि उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यात अधिकच गंजतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा त्याची धूळ उडवणे शरीरालाही घातक आहे. छापील रंगावर मऊ, किंचित ओलसर फडके हलकेच फिरवून लगेच कोरडे पुसावे. संग्राहकाच्या लेखी ओरखडे असलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा असतो, आणि माझेही मत तेच आहे.

चाके विशेष बारकाईने पाहावीत. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके, धातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर आतून फुगतात, त्यांना बारीक भेगा जातात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. यावर औषध नाही. नवी चाके बसवावीत आणि जुनी, फुटकी का असेनात, डबीत जपून ठेवावीत.

यंत्र खोलण्यापूर्वी कमान पूर्ण सैल झाल्याची खात्री करावी, कारण ताणलेली कमान सुटली तर बोट फाडते. वाळलेले वंगण काढून आसांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा, चाके हाताने फिरवून पाहावीत, आणि मगच किल्लीचा एक वेढा, फक्त एकच, देऊन पाहावा.