लॉगिनच्या मागे

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. डेस्कटॉप समोर यायच्या आधी पडद्याआड बरीच धावपळ होते. कॉम्प्युटर डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो, डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठे आहे? पत्ता मिळाला की पोर्ट ८८ वर कर्बेरॉसचं, म्हणजे ओळख पटवण्याच्या पद्धतीचं, तिकीट मागतो. दोन्हीकडच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला, तर पासवर्ड अचूक असूनही तिकीट नाकारलं जाऊ शकतं. म्हणून डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतल्या खात्यांची आणि कॉम्प्युटरांची मध्यवर्ती नोंदवही, उभारताना आधी डीएनएस आणि घड्याळं तपासायची, सर्व्हर त्यानंतर.

१९८८ मध्ये डिरेक्टरीसाठी एक्स.५०० हे मानक आलं; ते फार जड होतं. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातले टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिरेक्टरीशी बोलण्याचा एलडॅप हा हलका मार्ग काढला. २००० साली विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली; पुढचं सगळं तिच्याबद्दल.

आराखडा काढताना पहिला मोह होतो तो कंपनीचा तक्ता जसाच्या तसा उतरवण्याचा. तो टाळलेला बरा. विभाग फुटतात, एकत्र होतात, नावं बदलतात. ओयू, म्हणजे डिरेक्टरीतले कप्पे, पाडायचे ते दोन प्रश्न विचारून : इथला कारभार कोण बघणार, आणि कोणती पॉलिसी (सेटिंग्जचे नियम) लागणार? पासवर्ड रिसेट करून देणाऱ्या हेल्पडेस्कला तेवढाच अधिकार द्यावा. त्यासाठी डोमेन ॲडमिन, म्हणजे सर्वाधिकारी, करायची काहीच गरज नसते. स्कीमाला, म्हणजे डिरेक्टरीत काय काय नोंदवता येईल याच्या साच्याला, तर फारच जपून हात लावावा. त्यात घातलेली भर निष्क्रिय करता येते, पुसता येत नाही.

शाखा असतील तर साइट (एकेक ठिकाण) आणि सबनेट (तिथल्या नेटवर्क पत्त्यांचा गट) नीट जोडा. नाहीतर शेजारी सर्व्हर असताना शाखेतला कॉम्प्युटर लांबच्या सर्व्हरकडे जातो आणि लॉगिन रखडतं. दोन साइटमधलं रेप्लिकेशन, म्हणजे बदलांची देवाणघेवाण, मुळात दर १८० मिनिटांनी होतं. म्हणजे नोकरी सोडलेल्या माणसाचं मुख्यालयात बंद केलेलं खातं दूरच्या शाखेत तीन तासांपर्यंत चालू राहू शकतं! ही मुदत १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. ती आणाच.

डोमेन कंट्रोलर किमान दोन हवेत. पण दोन काय, दीडशे असले तरी तो बॅकअप नव्हे. २७ जून २०१७. नॉटपेट्या हा विध्वंसक मालवेअर मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला. जगभरातले सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते; ते एकदमच गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. त्यातली माहिती माणसांकरवी, नायजेरियाच्या विमानतळावर हातोहात सोपवत, ब्रिटनला न्यावी लागली.

म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवायची, आणि ती परत चढवून बघायची, वेगळ्या जागी, वेळ लावून. त्यासाठी रिस्टोअर मोडचा, म्हणजे डिरेक्टरी दुरुस्त करण्यासाठी सर्व्हर वेगळा सुरू करण्याच्या अवस्थेचा, पासवर्ड लागतो. तो डोमेन कंट्रोलर बनवताना एकदाच विचारला जातो आणि बहुतेक ठिकाणी कुणालाच आठवत नाही. आजच बदला आणि तिजोरीत ठेवा.