सील परतले, मग आपला वाघ का नाही?

(जळगाव जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, खान्देशाला समुद्र नाही आणि आजचा विषय आहे सील, म्हणजे समुद्रात राहणारा सस्तन प्राणी. म्हणून आधी आपल्या घरचा हिशेब मांडतो. 1825 साली जेम्स आउट्रम नावाचा इंग्रज अधिकारी धरणगावला आला आणि त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. हे शाळेत शिकवतात. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीत दोनशेच्या घरात वाघ पडले, हे कोणी शिकवत नाही. एका माणसाच्या नावावर एवढे वाघ, म्हणजे जंगलात किती असतील? 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. मघाशी चहा घेताना एका आजोबांनी मला नेमकं विचारलं, "मंग आपला सातपुडामा वाघ का बरं वाढनात नहीत?"

त्याचं उत्तर मला सीलमध्ये सापडतं. सीलची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. वाघीण दोन-अडीच वर्षांनी विते, पण दोन-तीन बछडे देते. पाळण्याचा हिशेब केला तर वाघीण मागे नाही. तरी शिकार थांबल्यावर सील लाखांनी वाढले आणि आपला वाघ नाही.

हत्ती-सील घ्या. नराचं नाक सोंडेसारखं लोंबतं, वजन दोन टनांच्या वर जातं. कातडीखाली चरबीचा जाड थर. एकोणिसाव्या शतकात ती चरबी कढवून दिव्याचं आणि यंत्राचं तेल काढायचे. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर हा प्राणी वाळूत लोळत पडलेला असे, पळता येत नसे. 1880 च्या दशकात तो संपला असंच सगळे धरून चालले होते.

1892 साली अमेरिकेतल्या संग्रहालयासाठी नमुने गोळा करणारी मंडळी ग्वादालूपे बेटावर उतरली. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून समुद्रात खूप आत, उभ्या कड्यांचं बेट. तिथं त्यांना आठ हत्ती-सील दिसले. जगातले बहुधा शेवटचे, असा त्यांचाही समज. आणि त्यांनी काय केलं? आठातले सात मारले. प्राणी संपणारच आहे, तर निदान पेंढा भरून तरी ठेवू, हा त्या काळचा विचार. आपण त्यांना नावं ठेवायला मोकळे आहोत, पण आपल्या रानपिंगळ्याचं, त्या छोट्या घुबडाचं, काय झालं? 1884 नंतर तोही फक्त संग्रहालयाच्या कपाटात उरला होता. 1997 साली शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. तोही आपल्याला नाही, बाहेरून आलेल्या पक्षीतज्ज्ञांना.

हत्ती-सील वाचला, कारण सगळे कधीच एका वेळी किनाऱ्यावर नसतात. वर्षातले आठ-दहा महिने हा प्राणी खोल समुद्रात असतो. शिकारी वाळूवर जे होतं ते मारून गेले. पाण्यात होते ते राहिले. अभ्यासकांच्या अंदाजानं सगळे मिळून दहा ते तीस उरले असावेत. 1922 साली मेक्सिकोनं संरक्षण दिलं. 1961 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आन्यो नुएवो बेटावर पहिलं पिल्लू जन्मलं. 2010 पर्यंत एकूण संख्या दोन लाखांच्या पुढे गेली.

कशी, ते जरा जवळून बघू. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण पस्तीस किलोचं. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त स्निग्धांश. महिनाभरात ते सव्वाशे-दीडशे किलोचं होतं, आणि त्या महिन्यात आई घासभरही खात नाही. आपली चरबी पिल्लात ओतते आणि निघून जाते. मग ती जाते उत्तर पॅसिफिकमध्ये, चारशे ते आठशे मीटर खोल बुड्या मारत. तिथले माकूळ आणि काळोखातले बारके मासे आपल्या जाळ्यात येत नाहीत, आपल्या ताटातही नाहीत. ही खरी गोम आहे. शिकार थांबली तेव्हा हत्ती-सीलचं अन्न जागेवर होतं, वाळूही मोकळी होती.

एक काळजी मात्र राहिली. एवढे सगळे मूठभर पूर्वजांची लेकरं. 1974 साली त्यांच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तर एकमेकांत फरकच सापडेना. टिश्यूकल्चरची केळी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळी बाग एकाच रक्ताची, आणि हरण्या रोग आला की कुठलं झाड तग धरेल हा प्रश्नच उरत नाही. साथ ही कल्पना नाही. हत्ती-सीलची दक्षिणेतली भावंडं अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर आहेत. 2023 साली बर्ड फ्लूनं त्यांची सतरा हजारांवर पिल्लं एका हंगामात गेली.

आता उलटी बाजू. कॅरिबियन समुद्रातला मंक सील शेवटचा दिसला 1952 साली. 2008 मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. तिथं बंदीला काही अर्थच उरला नव्हता. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवरच्या फर-सीलची गोष्ट आणखी विचित्र आहे. समुद्रातली शिकार थांबवणाऱ्या 1911 च्या चार देशांच्या करारानंतर ते वीस लाखांच्या आसपास वाढले; पुढे घटू लागले. 1984 मध्ये व्यापारी शिकार पूर्ण बंद केली तरी घट थांबली नाही. कारणांवर वाद आहेत, पण ते खातात तो पोलॉक मासा माणूसही प्रचंड पकडतो, हा त्यातला एक मुद्दा.

आणि बाल्टिक समुद्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं ऐंशी हजार ते लाखभर करडे सील होते. मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. 1970 च्या दशकात ते चार हजारांवर आले. शिकार आटोपली, तरी पिल्लं होईनात. माद्यांची शवविच्छेदनं केली तेव्हा गर्भाशयाच्या नळ्या बुजलेल्या निघाल्या. कारखान्यांतलं पीसीबी नावाचं रसायन माशांतून त्यांच्या चरबीत साठलं होतं. त्या रसायनावर बंदी आली, ते हळूहळू कमी झालं, मग पाळणे हलले. आज मोजणीत चाळीस हजारांच्या आसपास सील दिसतात.

तर आजोबा, तुमचं उत्तर. बंदूक खाली ठेवली, पण वाघाचं ताट आपण परत मांडलं नाही. सांबर, चितळ किती उरलेत यावलच्या जंगलात? मेळघाटातून निघालेला वाघ सलग झाडीतून इकडे येईल असा पट्टा किती उरलाय? जिथं थोडं जमलं तिथं तो आहे. मुक्ताईनगरकडं वढोदा-डोलारखेड्याच्या रानात आहे, केळीच्या बागांतही येतो.

आला की भांडण आलंच. बाल्टिकमध्ये सील जाळी फाडतात, पकडलेले मासे खातात. स्वीडननं कोळ्यांना भरपाई दिली, सीलला तोंड घालता येणार नाही असे सापळे बनवले, आणि 2001 पासून मोजक्या शिकारीची परवानगीही दिली. शेवटचा उपाय मला पटत नाही, पण पहिले दोन घेण्यासारखे आहेत. आपल्या शेतकऱ्याचं मागणं तर त्याहून स्वस्त आहे. पंपाची लाईट रात्रीऐवजी दिवसा द्या, म्हणजे अंधारात केळीला पाणी भरायला जावं लागणार नाही.