बर्फाच्या खड्यातले तुळशीचे पान

नमस्कार, श्रोतेहो. नाशिकमध्ये चैत्र लागला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून सकाळी आणलेली पुदिन्याची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. ही जुडी वाया जाऊ न देता तिचा वास बर्फाच्या खड्यांत कसा धरून ठेवावा, हा आजचा विषय आहे.

कृती थोडक्यात सांगते. पाणी उकळून गार करून घ्यावे, कारण उकळताना त्यातली हवा निघून जाते आणि खडा थोडा नितळ होतो. ट्रे निम्माच भरावा, त्यात पाने ठेवावीत, ते गोठू द्यावे आणि मग वरून उरलेले पाणी घालावे. ट्रे एकाच वेळी भरला तर पान तरंगत वर येते आणि त्याचे उघडे टोक फ्रीजरच्या कोरड्या हवेत वाळून काळे पडते. पुन्हा सांगते, पाणी दोनदा घालावे आणि पान पूर्ण बुडालेले असावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून काठोकाठ भरू नये. पुदिना आणि कोथिंबीर आधी उकळत्या पाण्यात १५-२० सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकल्यास हिरवा रंग अधिक टिकतो. गवती चहाची पात मात्र खड्यात घालण्यात अर्थ नाही. तिचा काढा करून तोच गोठवावा.

मला हे पाणी दोनदा घालण्याचे महत्त्व कळले ते आमच्या सासूबाईंमुळे. कामदा एकादशीला काळाराम मंदिरातून रथ निघतात, हे आपण जाणताच. आमचे घर पंचवटीत असल्यामुळे त्या दिवशी निम्मे नातेवाईक मुक्कामालाच असतात. दुसऱ्या दिवशी द्वादशी, आणि द्वादशीला तुळस तोडायची नाही, हा सासूबाईंचा कडक नियम आहे. पारण्याच्या नैवेद्यासाठी लागणारी पाने त्या आदल्या दिवशीच तोडून तांब्याच्या वाटीत ओल्या फडक्याखाली ठेवतात. त्या वर्षी माझा भाचा पहाटे उठला, घसा बसला म्हणून त्याने स्वतःच चहा केला आणि वाटीतली सगळी तुळस त्यात घातली. सासूबाई सोवळे नेसून आल्या, तेव्हा वाटीत फक्त फडके होते.

मी हळूच म्हटले, "आई, सरबतासाठी परवा ट्रे लावला आहे, त्यात तुळस आहे."

"शिळी?" त्यांनी विचारले.

"तुळस शिळी होत नाही, असे तुम्हीच सांगता ना?"

त्यावर त्यांना बोलता येईना. मी मोठ्या दिमाखात ट्रे आणला. पण मी तो घाईघाईत एकाच वेळी भरला होता, त्यामुळे प्रत्येक खड्याच्या माथ्यावर पानाचे काळे टोक बाहेर डोकावत होते. सासूबाईंनी एक खडा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे पान देवाला कसे घालू?" सुदैवाने ट्रेच्या कोपऱ्यातल्या एका खड्यात पान तळाशी चिकटून राहिले होते. ते पूर्ण बुडालेले होते आणि काचेत ठेवल्यासारखे हिरवेगार दिसत होते. ते पान मात्र त्यांनी पसंत केले. तुळस उकळत्या पाण्यात बुडवली असती तर ती शिजवलेली ठरून तेही नाकारले गेले असते, हे मला नंतर कळले.

त्यांनी तो खडा ताम्हनात, बाळकृष्णाच्या पायाशी ठेवला. सगळे नातेवाईक दाटीने उभे राहून तो वितळताना पाहत होते. कोणी आरती सुरू करायलाही तयार नव्हते. पाणी पसरत गेले, खडा बारीक होत गेला आणि शेवटी पान मोकळे झाले. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे वितळल्यावर पान मलूल होते आणि थोड्या वेळात काळवंडते. म्हणून सरबतातही खडा अगदी शेवटी, ग्लास हातात देताना टाकावा. सासूबाईंनी ते मलूल पान बोटाने अलगद उचलून नैवेद्यावर ठेवले आणि आरती म्हटली, नेहमीपेक्षा बऱ्याच जलद.

उरलेले काळ्या टोकांचे खडे आम्ही लिंबाच्या सरबतात घातले आणि ते सगळ्यांनी आवडीने प्यायले. तेव्हापासून प्रत्येक दशमीच्या रात्री सासूबाई झोपण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतात, "ट्रे लावलास का? आणि पाणी दोनदा घालणार आहेस ना?"