वीस नजरांचा तिळगूळ

नमस्कार मंडळी. आपल्या लीड्सच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे "मॅरेथॉनविषयी माहिती, १० मिनिटं" असं छापलंय. माहिती देणारच आहे. पण मघाशी हळदीकुंकवाच्या टेबलाशी जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय, ते बाजूला ठेवून मला बोलता यायचं नाही. आजोबांना आणि घरच्यांना विचारूनच सांगते आहे.

सात वर्षांचा एक मुलगा वाटी घेऊन सगळ्यांना तिळगूळ देत फिरत होता. व्हीलचेअरवरच्या आजोबांपाशी आला आणि घोकून घेतल्याप्रमाणे "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" म्हणाला. आजोबांनी समोरच्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग त्या यंत्रातून कुणा परक्या साहेबाच्या आवाजात आलं, "थँक यू." मुलगा आईकडे वळला आणि विचारलं, आजोबा मराठी विसरले का?

आईने त्याला गप्प केलं. आपण सगळे गुळाच्या पोळ्यांकडे बघायला लागलो.

नाही, विसरले नाहीत. त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी या आजारात मरत जातात. हुकूम येईनासा झाला की स्नायू वाळतो. कुणाचा आधी हात, कुणाचा पाय, कुणाची जीभ, आणि पुढे श्वासाचे स्नायू. स्पर्श कळतो, ऐकू नीट येतं. डोळे फिरवणारे स्नायू बहुधा खूप उशिरापर्यंत साथ देतात, म्हणून ते नजरेने चालणारं, निवडलेलं बोलून दाखवणारं यंत्र. तेव्हा त्यांच्याशी बोलताना आवाज चढवू नका. आणि "एक तरी घ्या हो, संक्रांत आहे" हा आग्रह तर अजिबात नको. तीळ कोरडा, सुटा, दाताला चिकटणारा. गिळणं दुबळं झालेल्या माणसाच्या घशात तो श्वासाच्या वाटेने जाऊ शकतो. चिवडा आणि शेवही तशीच. आपला आग्रह लोकांना आवडतोच असं आपण धरून चाललोय, ते जरा तपासून बघायला हवं.

दुर्मीळ आजार म्हणतात, ते खरंही आहे. ब्रिटनमध्ये एका वेळी साधारण ५,००० लोकांना तो असतो. पण जन्मभरात तो होण्याची शक्यता ३०० मध्ये एक, आणि आज आपण पानं मांडली आहेत ३०० च्या आसपास. मग एका वेळी इतके थोडे रुग्ण कसे? निदानानंतर एक तृतीयांश लोक वर्षाच्या आत जातात, निम्म्याहून अधिक दोन वर्षांच्या आत. संख्या वाढायला माणसं राहायला तर हवीत.

लीड्समध्ये राहणाऱ्याला रॉब बरो कोण हे सांगायला नको. लीड्स ऱ्हायनोज या रग्बी संघाचा सात नंबर, उंची ५ फूट ५ इंच. डिसेंबर २०१९ मध्ये निदान झालं. पुढच्या डिसेंबरात त्याचा जुना कप्तान केव्हिन सिनफील्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. लक्ष्य ७७,७७७ पौंडांचं, जमले २० लाखांच्या वर. मग मे २०२३ मध्ये रॉबच्या नावाची पहिली लीड्स मॅरेथॉन झाली. सिनफील्डने त्याला खुर्चीतून सगळं अंतर ढकलत आणलं आणि शेवटच्या काही पावलांना उचलून घेतलं. २ जून २०२४ ला रॉब गेला, ४१ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी सीक्रॉफ्ट हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम सुरू झालं. ते केंद्र उभं करायला पैसे दिले त्यांत धावणारे होते आणि धावणाऱ्यांना पाच-दहा पौंड देणारेही. म्हणून धावायचं.

आता कामाचं. मॅरेथॉन मे महिन्यात, हातात १६ आठवडे आहेत. आज ज्यांना न थांबता १० किलोमीटर धावता येत नाही त्यांनी पूर्ण मॅरेथॉनला नाव देऊ नये. त्याच दिवशी अर्धी असते, ती घ्या. बाकीच्यांनी आठवड्यात तीन छोट्या धावा, रविवारी एक लांब. लांब धाव १२ किलोमीटरपासून सुरू, दर आठवड्याला दोन वाढवायचे आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायची. असं करत तेराव्या आठवड्यात ३०. त्यानंतर वाढवायचं नाही, उतरवत आणायचं. दुखापती होतात त्या बहुतेक चुकलेल्या आठवड्यांची भरपाई एकाच रविवारी करायला गेल्याने. बारावीचा अभ्यास आपण असाच केला होता, पण गुडघ्याला ते चालत नाही.

मार्ग चढउतारांचा आहे. हेडिंग्लीहून निघून एडल, ब्रॅमहोप, मग खाली व्हार्फडेलमध्ये पूल नावाचं गाव आणि ऑटली, आणि तेवढंच सगळं पुन्हा वर. उतारावर फुकटचा वेग मिळतो म्हणून जो सुटतो, त्याच्या मांड्या परतीच्या चढावर हिशेब मागतात. उताराचा सराव वेगळा करा, पावलं छोटी टाकून.

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. नाहीतर मे महिन्यात अंगठ्याचं नख काळं झालेलं दिसेल. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एनर्जी जेलच्या साधारण दोन पुड्या. जेल नको असेल तर खजूर. एका मोठ्या मेदजूलमध्ये १६-१८ ग्रॅम मिळतात. तिळाची वडी पौष्टिक असली तरी त्या दिवशी घरी ठेवा, स्निग्धांश पचायला वेळ लागतो आणि कोरड्या तोंडात ती फिरतच राहते. पाणी तहानेपुरतंच प्या. धावून आल्यावर वजन आधीपेक्षा वाढलं असेल तर पाणी जास्त झालं आणि रक्तातलं सोडियम उतरतंय. थकव्यापेक्षा ते जास्त धोक्याचं.

टी-शर्टबद्दल कार्यकारिणीने रागावू नये. आपला मंडळाचा टी-शर्ट सुती, पाठीवर सगळ्या प्रायोजकांची नावं जाड रबरी छपाईत. सुती कापड घाम पितं, जड होतं, काखेत आणि छातीवर सालटं काढतं, आणि त्या छपाईतून वारा जात नाही. पॉलिएस्टरची जाळीदार कापडं घ्या. पुढे आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत आणि देणगीचा क्यूआर कोड. गणपती छोटा चालेल, तो समजून घेतो.

पैशांत आपण दर वेळी एक चूक करतो. सगळ्यांकडून रोख गोळा करायची आणि खजिनदारांनी स्वतःच्या कार्डावरून एकरकमी भरायची. अशाने गिफ्ट एड जातं. कर भरणाऱ्याने स्वतःचे पैसे स्वतःच्या नावाने दिले तर सरकार दर पौंडामागे २५ पेन्स वर घालतं. शकुनाचे १०१ दिलेत की संस्थेला १२६ पौंड २५ पेन्स पोचतात. तेच दुसऱ्याच्या वतीने भरले तर १०१ च. तेव्हा देणगीचं वेबपान मंडळाचं एकच असू द्या, पण पैसे ज्याने त्याने भरा आणि त्या चौकोनात खूण करा.

काही जण विचारतात, व्यायामानेच हा आजार होतो असं ऐकलंय, खरं का? शेफील्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ठराविक जनुकीय घडण असलेल्यांत अति जोरकस व्यायामाशी संबंध असू शकतो असं मांडलं. पण व्यायाम करणाऱ्या बहुसंख्यांना हा आजार होत नाही, आणि व्यायाम सोडा असा सल्ला त्यातून निघालेला नाही. तुम्हा-आम्हाला धोका सोफ्याचाच जास्त.

जाणीव जागृती म्हणजे काय, हे आपण नीट ठरवलेलं नाही असं मला वाटतं. नाव माहीत होणं एवढंच का? चालताना एकाच पायाचं पाऊल घसटतं, एका पायातली चप्पल निसटते. शर्टाचं बटण लागत नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही, लाटणं एका बाजूला दाब धरत नाही. दुपारनंतर बोलणं जड होतं, लोकांना वाटतं घेतलीय. आणि हे सगळं बधिरपणा नसताना, दुखत नसताना. एकच एक तपासणी नसते, बाकीचे आजार वगळत जावं लागतं, त्यात महिने जातात. त्यात आपण आणखी महिने घालतो. "वयच झालंय", "बी-ट्वेल्व्ह कमी असेल", "पुण्याला गेलो की मालीश करून घेऊ". मग निदान झालं की कुणाला सांगायचं नाही, मुलीचं लग्न व्हायचंय. आणि ते कळलं की आपण काय पाठवतो? मूळपेशींच्या हमखास इलाजाचे फॉरवर्ड. असा हमखास इलाज नाही. रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिने वाढवतं. टोफरसेन हे दुसरं औषध फक्त एसओडी१ जनुकात दोष असलेल्यांसाठी आहे, म्हणजे शंभरातल्या दोघांसाठी. घर विकून लाखो रुपये घालवलेली कुटुंबं आहेत, फॉरवर्ड पाठवणाऱ्याचं काहीच जात नाही.

निदानाला उशीर झाला की आवाजही हातचा जातो, आणि इथे मी त्या मुलाकडे परत येते. बोलणं स्वच्छ असतानाच आवाज साठवता येतो. काही सेवांना पन्नासेक वाक्यं वाचून द्यावी लागतात, काहींना काही शे, आणि त्यावरून तुमच्यासारखा आवाज तयार होतो. रॉबचा आवाज त्याच्या जुन्या मुलाखतींवरून घडवला होता. पण इथे वाचायला देतात ती वाक्यं बहुधा इंग्रजी. त्यातून तयार होणारा आवाज इंग्रजीच बोलतो. त्याला रोमन लिपीत मराठी भरवलं तर "तिळगूळ" ऐकून तुम्ही हसाल, आणि मग हसल्याचं वाईट वाटेल.

देवनागरी कळफलक लावता येतो. पण एकेका खुणेवर नजर सेकंदभर रोखून धरावी लागते, शिवाय ती शोधायला वेळ. त, वेलांटी, ळ, ग, ऊकार, ळ. मोकळी जागा. "घ्या"ला घ, पाय मोडायची खूण, य, काना. "तिळगूळ घ्या गोड बोला", स्वल्पविराम सोडूनसुद्धा, वीस वेळा. "थँक यू" तयार बटणावर असतं, एका नजरेत होतं. आजोबांनी मुलाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून ते बटण निवडलं.

याच्यावर एक साधा उपाय आहे आणि तो कुठल्याही भाषेत चालतो. आख्खी वाक्यं आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून एकेका बटणाला लावायची. पडदे, गालिचा असलेली खोली, फ्रिज आणि हीटिंग बंद, बऱ्यापैकी हेडसेट. एका वाक्याची एक फाइल, फाइलला त्या वाक्याचंच नाव. वीस मिनिटांची एक बैठक, जास्त नाही. दमलं की आवाज बदलतो. आणि "पाणी हवंय", "कूस वळवा" एवढ्यावर थांबू नका. घरातली लाडाची नावं घ्या. "काय रे गाढवा" घ्या. "झाला का चहा?", "दार लावून घे", "शतायुषी हो". यादी घरच्यांनीच करायची असते, थेरपिस्टला ती येणार कशी?

या आजोबांसाठी ते आता उशिराचं आहे. लग्नाच्या चित्रफिती, जुने व्हॉट्सॲप आवाज शोधणं चाललंय. कुणाकडे मंडळाच्या जुन्या नाटकांचं मुद्रण असेल तर आणून द्या. ते तीन वर्षं आपले सूत्रधार होते.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या मुलाने तो प्रश्न इंग्रजीत विचारला होता. मी तुम्हाला सांगताना मराठी केला. आजोबांची वाक्यं सापडली, बटणांना लागली, तरी ती कुणाला कळायची, हे मला अजून सुचत नाहीये.

चहाच्या टेबलावर दोन कागद ठेवलेत. एक धावणाऱ्यांसाठी, त्यावर मघापर्यंत अकरा नावं होती, त्यातली दोन ज्यांना आपण धावताना कधी पाहिलेलं नाही अशांची. दुसरा, कुणाच्या घरी जाऊन वाक्यांची यादी करायला आणि ध्वनिमुद्रणाला बसायला तयार असणाऱ्यांसाठी. तो अजून कोरा आहे.