रिकामी दिसणारी मार्गिका

श्रोते मित्रहो,

पुण्यात बसमार्गिकेविषयी बोलणे म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे आहे, याची मला जाणीव आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या रस्त्यावर देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका ठेवून जलद बससेवा देण्याचा, प्रयोग सुरू झाला, तेव्हा पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन वेगळ्या संस्था होत्या. त्या एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली ती त्यानंतर, २००७ मध्ये. म्हणजे बस चालवणाऱ्या संस्थेची घडी बसण्याआधीच बसचा रस्ता आखून झाला होता. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे हे मार्ग अधिक विचारपूर्वक बांधले गेले. बसचा तळ आणि थांब्याचा फलाट एका पातळीत आणले गेले आणि थांबे रस्त्याच्या मध्यभागी असल्याने बसला उजव्या बाजूनेही दारे देण्यात आली. त्यानंतर नगर रस्त्यावरही मार्गिका आली आणि २०२३ मध्ये तिथली मार्गिका उखडण्यास सुरुवातही झाली. या सगळ्या प्रवासात ‘बीआरटी फसली’ हे वाक्य शहराच्या तोंडी इतके बसले आहे की नेमके काय फसले, हे विचारण्याचेही आपण सोडून दिले. ते आज विचारावे, एवढ्यासाठी मी इथे उभा आहे.

मार्गिकेवरचा सर्वांत मोठा आक्षेप असा असतो की, शेजारी गाड्यांची रांग लागलेली असताना ती मोकळी पडलेली असते. या आक्षेपाची मला कधीच चेष्टा करावीशी वाटली नाही, कारण उन्हात दुचाकीवर ताटकळणाऱ्या माणसाला ती मोकळी जागा खरोखरच दिसत असते. पण जरा हिशेब करू या. समजा, मार्गिकेतून दर मिनिटाला एक बस जाते आहे आणि तिचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे. मिनिटाभरात ती ३०० मीटर पुढे जाते, म्हणजे दोन बसमध्ये सतत ३०० मीटर मोकळा रस्ता दिसणार. प्रत्येक बसमध्ये ६० माणसे धरली, तर तासाला ३,६०० माणसे या ‘रिकाम्या’ मार्गिकेतून गेली. शेजारच्या तितक्याच रुंदीच्या पट्ट्यातून एका गाडीत सरासरी दीड माणूस धरून एवढी माणसे न्यायची, तर तासाला २,४०० मोटारी सोडाव्या लागतील. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावरच्या एका पट्ट्याला ते झेपणारे नाही. तुंबलेला पट्टा डोळ्यांत भरतो आणि वाहता पट्टा मोकळा भासतो, हा रस्त्याचा स्वभावच आहे.

पण मला याहून महत्त्वाचा वाटतो तो आगारातला हिशेब, ज्याची चर्चा फारशी होत नाही. १५ किलोमीटरचा एक मार्ग घ्या. गर्दीच्या वेळी बस ताशी १० किलोमीटरने रखडत असेल, तर एका बाजूला दीड तास आणि जाऊन-येऊन तीन तास लागतात. दर ५ मिनिटांनी बस द्यायची, तर त्या एका मार्गावर ३६ गाड्या लागतील. तीच बस मार्गिकेतून ताशी १५ किलोमीटरने धावली, तर फेरी दोन तासांत पुरी होते आणि २४ गाड्यांत काम भागते. उरलेल्या १२ गाड्या दुसऱ्या मार्गाला देता येतात, किंवा आहेत त्याच ३६ गाड्यांत दर सव्वातीन-साडेतीन मिनिटांनी बस सोडता येते. नवी बस नाही, नवा चालक नाही, नवा वाहक नाही. ‘आधी बस वाढवा, मग मार्गिका मागा’ असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कोंडीत अडकलेली बस वाढवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे आहे.

‘अर्धा तास एकही आली नाही आणि मग तीन एकामागोमाग आल्या,’ ही प्रवाशांची तक्रार तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात कुणाचा आळस नसतो. एक बस कोंडीने पाच मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, आणि बस आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पुढचीला गाठते. पहिली बस खच्चून भरलेली आणि तिसरीत बाके मोकळी, हे दृश्य असे तयार होते. मार्गिकेचा खरा उपयोग इथे आहे. वेळ वाचतो हे खरेच, पण त्याहूनही वेळेचा भरवसा मिळतो. ज्याला नऊच्या पाळीला पोहोचायचे आहे, तो रोजच्या सरासरी वेळेचा विचार करत नाही. सर्वांत वाईट दिवशी किती वेळ लागेल ते धरून घर सोडतो.

मग फसले काय? माझ्या मते आपण मार्गिका सरळ रस्त्यावर दिली आणि चौकात काढून घेतली. कोंडी दोन चौकांच्या मध्ये जन्मत नाही, ती चौकात जन्मते. आपल्याकडे मार्गिका उड्डाणपुलाच्या तोंडाशी, चौकाच्या अलीकडे, पुढे खोदकामापाशी तुटत गेली आणि जिथे बसला तिची सर्वाधिक गरज होती, नेमकी तिथे बस पुन्हा सर्वांच्या रांगेत आली. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तिथेही चौकांतील रांगांनीच लोकांचा संताप ओढवला. २०१२ मध्ये त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, तरी २०१६ मध्ये मार्ग मोडण्यात आलाच. याउलट अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग ही आपली बीआरटी सुरू केली तेव्हा मार्गिका, थांबे, तिकीट आणि बस यांचा विचार एकत्र केला होता. कोलंबियाची राजधानी बोगोटाने २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही बसव्यवस्था उभारताना थांब्यांपाशी बसला बस ओलांडून जाता येईल, अशी जादा जागा ठेवली. गर्दी पेलण्याची त्या व्यवस्थेची ताकद पुष्कळ अंशी त्या एका गोष्टीत आहे.

थांब्याचे एक दृश्य मी नेहमी पाहतो. थांब्यासमोर रिक्षा आणि मोटारी लागलेल्या असल्याने बस थांब्याला लागतच नाही. ती रस्त्याच्या मध्येच उभी राहते. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी फुटपाथवरून खाली उतरतात, दोन रिक्षांमधून वाट काढतात, मागून येणाऱ्या दुचाकीला हात दाखवतात आणि मग गुडघ्याच्या वर असलेल्या पायरीवर पाय टाकण्यासाठी दांडी चाचपडतात. वाहक वरून हात देतो. त्यांच्यासाठी मार्गिका म्हणजे वेगाआधी, बस फुटपाथला टेकणे आहे. मध्यभागी थांबा असेल, तर तिथवर जाण्यासाठी पादचाऱ्यांचा सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग हे मार्गिकेइतकेच आवश्यक आहे. ते राहून गेले की, अपघाताचा दोष मार्गिकेच्या माथी येतो.

घुसखोरीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शिट्टी घेतलेला एकटा वॉर्डन शेकडो दुचाकींना अडवू शकत नाही, आणि त्याच्यावर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे. लंडनमध्ये बसमार्गिकेत शिरलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस घरी जाते. आपल्याकडे सिग्नल तोडल्याचे ई-चलान मोबाइलवर येतेच; तीच यंत्रणा मार्गिकेकडे वळवण्यात तांत्रिक अडचण नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांना मात्र ती नेहमी खुली असावी. कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेलाही तोच एक मोकळा पट्टा उरतो.

‘आमचा रस्ताच अरुंद आहे’ या म्हणण्यावर शेवटी एक सुचवतो. रस्त्याची रुंदी मोजताना कडेला उभ्या केलेल्या गाड्यांचा पट्टाही मोजा. बहुतेक ठिकाणी बसला द्यायची जागा वाहत्या रहदारीकडून घ्यावी लागतच नाही; ती दिवसभर थांबलेल्या गाड्यांखाली दडलेली असते. सबंध मार्गिका एकदम जमत नसेल, तर सुरुवात चौकापासून करावी. सिग्नलच्या अलीकडचे २०० मीटर पार्किंग हटवावे, तिथे फक्त बसला डावीकडून रांगेच्या पुढे येऊ द्यावे आणि तिच्यासाठी हिरवा दिवा इतरांच्या काही सेकंद आधी लावावा. कोणत्या चौकात बस सर्वांत जास्त वेळ अडकते, हे त्या मार्गावरच्या चालकांना तोंडपाठ असते. महापालिकेने पहिली बैठक त्यांच्याबरोबर आगारात घ्यावी.