रोमेनियाचे बायझंटाइन गायन आणि स्ताव्रोपोलेओसचा गायकगट

नमस्कार. बुखारेस्टच्या जुन्या भागात स्ताव्रोपोलेओस नावाचे एक लहानसे चर्च आहे. इओआनिकिये नावाच्या एका ग्रीक धर्मगुरूने ते १७२४ साली उभारले. याच चर्चचे नाव लावणारा एक गायकगट गाब्रियेल ओप्रेया यांनी १९९४ साली सुरू केला आणि रोमेनियातील जुन्या बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडील ग्रीक ख्रिस्ती परंपरेतून आलेल्या, चाली हस्तलिखितांमधून पुन्हा गळ्यावर आणल्या.

या गायनात वाद्य नसते. सगळे मिळून एकच चाल गातात आणि काही गायक तिच्याखाली एक स्वर धरून ठेवतात. त्याला ‘इसॉन’ म्हणतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे परके वाटणार नाही, पण इथे चालीने वळण घेतले की खालचा स्वरही बदलतो.

आता या गायनाच्या पुस्तकाचे एखादे पान पाहा. शब्दांच्या वर जी लहान चिन्हे दिसतात, त्यांतील आडव्या रेघेचे ‘ओलिगॉन’ एक पायरी चढायला सांगते, ‘आपोस्त्रोफ’ एक पायरी उतरायला सांगते, आणि इसॉन याच नावाचे एक चिन्ह मागचाच स्वर पुन्हा घ्यायला सांगते. म्हणजे स्वर कोणता, हे चिन्ह सांगतच नाही. आधीच्या स्वरापासून किती हलायचे, एवढेच ते सांगते. त्यातही पायऱ्या सारख्या नाहीत. सप्तकाचे ७२ सूक्ष्म भाग मानले, तर एखादी पायरी १२ भागांची, एखादी १० ची, तर एखादी ८ ची असते, त्यामुळे पेटीवर ही चाल नीट बसत नाही. स्वर कुठे हलवायचा आणि कुठे अलगद सोडायचा, हे तर गुरूसमोर बसूनच कळते. म्हणून परंपरा एकदा तुटली की नुसते पुस्तक हाताशी असून भागत नाही.

ती का विरळ झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फिलोथेई या भिक्षूने १७१३ साली रोमेनियन भाषेतील पहिले गायन-हस्तलिखित पूर्ण केले, आणि माकारिये यांनी १८२३ साली व्हिएन्नात रोमेनियन गायनाची पुस्तके छापून घेतली. हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. ‘प्रभू, दया कर’ या अर्थाचे ग्रीक शब्द ‘कीरिये एलेइसॉन’ म्हणजे सात अक्षरे, तर रोमेनियन ‘द्वाम्ने मिलुयेश्ते’ म्हणजे सहा. शेवटच्या आघातानंतर ग्रीकमध्ये दोन अक्षरे उरतात, रोमेनियनमध्ये एकच; त्यामुळे चालीचा शेवट नव्याने बांधावा लागतो. मला स्वतःला या संपूर्ण परंपरेतील हीच कारागिरी सर्वांत मोलाची वाटते.

पुढे १८६० च्या दशकात पाश्चात्त्य धर्तीच्या बहुस्वरी गायनाला राज्याचे पाठबळ मिळाले. १९५० च्या दशकात देशभर एकसारख्या, सोप्या केलेल्या चाली छापल्या गेल्या. सर्व भाविकांना एकत्र गाता यावे हा हेतू चांगला होता, पण त्यात अनेक बारकावे गळाले. शिवाय जुनी रोमेनियन पुस्तके सिरिलिक लिपीत आहेत, आणि आजची रोमेनियन भाषा लॅटिन लिपीत लिहिली जाते. पेशवेकालीन कागद वाचायचे तर मोडी शिकावी लागते, तसेच या गायकांचेही आहे.

हा गट मैफलींत गातो, पण चर्चच्या उपासनेतही गातो, आणि माझ्या मते हे गायन उपासनेतच खऱ्या अर्थाने उलगडते. ‘हेरुविक’ हे स्तोत्र पाहा. त्यात एकेक अक्षर बराच वेळ लांबवले जाते, कारण तेवढ्या वेळात धर्मगुरूंची वेदीजवळची तयारी चाललेली असते. मग गायक मध्येच थांबतात, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन मिरवणूक चर्चमधून वेदीकडे जाते, आणि स्तोत्राचा उरलेला भाग त्यानंतर गायला जातो.