पॅराक्वाट, मेलाटोनिन आणि आपलं फुप्फुस

राम राम, शेतकरी बंधू-भगिनींनो. पावसानं उघडीप दिली की चोपडा-शिरपूरकडं कपाशीत गवत माजतं, निंदणीला बाया मिळत नाहीत, मग तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो. त्यात पॅराक्वाट असलं, तर सकाळी फवारलेलं गवत संध्याकाळपर्यंत उन्हात करपतं. ते करपतं कसं, हे समजून घ्या. माणसाच्या फुप्फुसातही जवळपास तेच घडतं.

हिरव्या पानात उन्हावर जी शक्ती तयार होते, ती हे औषध मधल्या मध्ये पळवून ऑक्सिजनच्या हवाली करतं. तो ऑक्सिजन बिथरतो आणि पेशींची आवरणं जाळत सुटतो. पोटात गेलं, तर फुप्फुसाच्या पेशी ते रक्तातून ओढून साठवतात. म्हणून डॉक्टर अशा रोग्याला अगदी गरज पडल्याशिवाय ऑक्सिजन लावत नाहीत. घरच्यांना वाटतं, हयगय चाललीय. पण पेटलेल्या गंजीला वारा घालून कसं चालेल?

आता मेलाटोनिन. अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून स्रवणारं, झोपेचं संप्रेरक. ॲरन लर्नर यांनी १९५८ साली अमेरिकेत ते गुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. १९९०च्या दशकात कळलं, की बिथरलेल्या ऑक्सिजनलाही ते आवरतं. पॅराक्वाट दिलेल्या उंदरांना मेलाटोनिन टोचलं, तेव्हा फुप्फुसाची हानी कमी झाली. पण तो डोस आपल्या अंगात रात्री बनणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असतो, आणि माणसासाठी पॅराक्वाटवर खात्रीचा उतारा आजही नाही. तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून फवारणीला निघू नका. पाठीवर पंप असताना पेंग तेवढी येईल!

हे विष फार फसवं. प्यायलेला माणूस पहिले दोन दिवस बोलतो, चहा मागतो. जीभ तेवढी सोलवटलेली. 'बरा दिसतोय' म्हणत घरी न्यायची घाई होते. मूत्रपिंडं तोवर दगा देऊ लागलेली असतात, फुप्फुस पुढं आखडत जातं. हाती असतात ते पहिले एक-दोन तास. दवाखान्यात कोळशाची पूड किंवा मुलतानी माती पोटात देतात, ती विष धरून ठेवते. मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. जाताना घसा जाळतं, तसं येतानाही जाळतं. १०८ला फोन लावा आणि डबा सोबत न्या. कुणी शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलं असेल, तर मूळ डबा गोठ्यात, मळ्यात कुठं पडलाय ते एकानं शोधावं. लेबल पाहिल्यावरच डॉक्टरांना नक्की कळतं, ऑक्सिजन लावायचा की थांबायचं.